कुलूप घातलेली कातर

मित्रांनो, कातर म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे शिंप्याची कातर येते, नाहीतर आईच्या शिवणाच्या डब्यातली. मी त्यांतली नाही. दोन पाती आहेत, एवढेच आमचे नाते. माझी पाती हातभर लांब आणि बोटभर जाड. मला उचलायला दोन गडी लागतात. मी आयुष्यात कापडाची चिंधीसुद्धा कापलेली नाही. पोलादी तारांचा पिळलेला दोर कापण्यासाठी मला बनवले, आणि तोही रोज नाही, कुणाच्या जिवावर बेतले तरच. आता मी म्हातारी झाले आहे आणि लोक म्हणतात तशी जरा चिडखोरही. चिडखोर का झाले ते ऐका, मग मला नावे ठेवा.

तासगावच्या बाहेर, द्राक्षांचे मळे संपतात तिथे एक लांबलचक माळ होता. १९७५ च्या आधी दोन-तीन वर्षे तिथे काही हौशी मंडळींनी ग्लायडिंग क्लब काढला. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले विमान. आवाज नाही, धूर नाही. आसपासच्या वस्तीवरचे लोक त्याला 'मुकं इमान' म्हणत.

आता इंजिन नाही तर ते वर जाणार कसे? माळाच्या एका टोकाला ग्लायडर उभे करायचे. दुसऱ्या टोकाला विंच, म्हणजे जुन्या लॉरीचे इंजिन आणि त्याला जोडलेला मोठा लोखंडी ड्रम. दोघांच्या मध्ये दोर. इंजिन ड्रम फिरवते, दोर भराभर गुंडाळला जातो आणि ग्लायडर पतंगासारखे वर चढते. पुरेसे उंच गेले की आत बसलेला माणूस पिवळी मूठ ओढतो, ग्लायडरच्या नाकाखालचा हूक उघडतो, दोर खाली पडतो. मग ते घारीसारखे मोकळे फिरते.

आणि हूक उघडलाच नाही तर? तर ग्लायडर विंचच्या डोक्यावरून पुढे जाणार आणि दोर त्याला मागे खेचणार. दाव्याला बांधलेले वासरू उधळले की दावे संपताच कसे तोंडावर आपटते, ते तुम्ही पाहिले असेल. इथे वासराच्या जागी माणूस, आणि आपटायचे ते आकाशातून.

अशा वेळी विंचवरच्या माणसाने दोर कापायचा असतो. त्यासाठी क्लबने काय ठेवले होते, तर कुऱ्हाड. साधी, लाकडे फोडायची कुऱ्हाड.

विंच चालवायचा निजाम. तासगावचाच, आधी लॉरीवर होता. इंजिनाच्या आवाजावरून त्याचे दुखणे ओळखायचा, पण स्वभावाने विसराळू. आणि उडायला शिकवायचे भाऊसो. सातारा जिल्ह्यातले, हवाई दलातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. एका रविवारी भाऊसो वर असताना हूक अडकला. निजामने कुऱ्हाड घेतली आणि दोरावर घाव घातला. दोर पोलादाचा, शिवाय थरथरत होता. कुऱ्हाड उसळली आणि विंचच्या पत्र्यात रुतून बसली. निजाम ती उपसत होता, तेवढ्यात वर भाऊसोंनी ग्लायडरचे नाक खाली दाबून, मूठ पुन्हा पुन्हा ओढून हूक सोडवला. नशीब म्हणायचे.

खाली उतरल्यावर ते चालत विंचपाशी आले. कुऱ्हाड उपसली आणि लांब बाभळीच्या जाळीत भिरकावून दिली.

"निजाम, ह्येनं बाभळ तुटती, दोर न्हाई," ते म्हणाले. "मला कातर पायजे."

हे सगळे माझ्या जन्माआधीचे. पण निजामने ते इतक्यांदा सांगितले आहे की मी तिथे होते असेच मला वाटते.

मला घडवायचे काम नानासोंकडे आले. नानासो इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्यात वर्कशॉपचे फोरमन होते. किडकिडीत माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, तोंडात सुपारी. डोके शांत नव्हते. हातातली पक्कड सापडली नाही तर ते पकडीवर रागवायचे. मी त्यांच्यावर गेले असणार.

क्लबचे सेक्रेटरी होते आप्पासो, तासगावचे बेदाण्याचे व्यापारी. माणूस हौशी, क्लबसाठी ऊन पाहायचे नाहीत की वारा. पण त्यांचा जीव त्या दोरात अडकलेला. असा दोर तेव्हा सहज मिळत नसे. मुंबईला खेटे घालून, वर्षभर वाट पाहून त्यांनी तो आणला होता. त्यांनी पहिल्याच बैठकीत अट घातली.

"नाना, कातर करा. पर तिनं उगाच दोर कापाय नगं."

"आप्पासो, कातर हाय ती," नानासो म्हणाले. "कापू नगंस आसं तिला कसं शिकवू?"

अशी माझी सुरुवात. जन्मायच्या आधीच मला कापू नकोस असे बजावलेले.

पहिल्यांदा नानासोंनी लॉरीच्या पाट्याचे पोलाद घेऊन एकच पाते केले. खाली लोखंडाचा ठोकळा, वरून स्प्रिंगच्या जोराने पाते पडणार. वर्कशॉपमध्ये दोर ताणून बांधला आणि खिट्टी सोडली. खट् आवाज होऊन दोराचे दोन तुकडे झाले. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. आप्पासोंनी पेढे काढले. भाऊसोंनी पेढा हातात धरला, खाल्ला नाही.

"आता ढिल्ला दोर कापून दावा," ते म्हणाले.

दोर सैल सोडला. पाते पडले. दोर दुमडला आणि पात्याखाली जाऊन बसला. एक तार तुटली नाही. वर अडकलेला दोर कधी ताठ असतो, कधी सैल. सैल दोर न कापणारी कातर काय कामाची? पेढे संपले आणि मंडळी निघून गेली.

नानासोंनी पाते तापवून त्याला जास्त कडक पाणी दिले, तर त्याचा टवका उडून भिंतीत रुतला. कमी पाणी दिले, तर धार पोळीच्या काठासारखी दुमडली. रोज कारखान्याचे काम आटोपले की ते माझ्यासमोर बसायचे, खडूने जमिनीवर काहीतरी काढायचे, चपलेने पुसायचे, पुन्हा काढायचे. मी तेव्हा टेबलावर पडलेले नुसते पोलाद होते. मला त्यांची दया यायची आणि त्यांच्या चुकांचा रागही यायचा. किती वेळा तापवायचे एखाद्याला?

शेवटी ठोकळा गेला आणि त्याच्या जागी दुसरे पाते आले. एक पाते घट्ट बसवलेले, दुसरे त्याला घासून खाली येणारे. सुपारीच्या अडकित्त्यासारखे. आता दोर ताठ असो की सैल, दोन पात्यांत सापडला की सुटत नव्हता. ही अडकित्त्याची कल्पना कुणाची, यावर पुढे क्लबात बरीच भांडणे झाली. नानासो म्हणत, सुपारी कातरताना मला सुचले. आप्पासो म्हणत, पहिल्या बैठकीतच मी बोललो होतो. निजाम म्हणे, माझ्या आईने, चांदबीने सांगितले. मला कुणी विचारले नाही. विचारले असते तरी मी सांगितले नसते. आधी दोर कापा, मग भांडा.

मला विंचवर बसवले. दोर माझ्या उघड्या तोंडातून ड्रमकडे जायचा. वर स्प्रिंग दाबून धरलेली, तिला एक खिट्टी, आणि खिट्टीला जोडलेला लाल दांडा. दांडा ओढला की खिट्टी सुटणार आणि मी मिटणार. निजामच्या बसायच्या जागेसमोर, दोर तुटून अंगावर येऊ नये म्हणून, जाळी होती, दांडा जाळीच्या आतल्या बाजूला, त्याच्या हाताशी. सगळे कसे जागच्या जागी होते. भाऊसोंनी पांढऱ्या पाटीवर लाल अक्षरांत लिहवून घेतले : 'फक्त आणीबाणीत ओढणे.'

आप्पासोंनी पाटी वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला. ते दिवस देशात आणीबाणीचे होते. माणसे चहाच्या दुकानातसुद्धा इकडे तिकडे बघून बोलत.

"आवं भाऊसो, 'आणीबाणीत ओढणे' म्हंजी? कुणाला ओढायचं?"

"दांडा ओढायचा."

"ती तुमास्नी म्हाईत. वाटंनं जाणाऱ्या फौजदाराला काय म्हाईत? पुसा ती."

मग बैठक झाली. माझे काम काय, मला तेल कोण घालणार, यावर एक शब्द नाही. पाटीवर काय लिहावे यावर मात्र चहाचे दोन फेरे झाले. अखेर 'गरज पडल्यास ओढणे' असे ठरले. मित्रांनो, गरज कुणाला कशाची पडेल, याचा काही नेम आहे का?

निजामला गरज पडली ती जेवणाचा डबा अडकवायची. जाळीच्या आत दुसरे काही टोक नव्हते. माझा लाल दांडा छान वाकलेला, हाताशी, सावलीत. दर रविवारी सकाळी येऊन तो पितळी डबा कापडी पिशवीतून माझ्या दांड्याला लटकवू लागला. मी काय करणार? मी धरून राहिले. खिट्टी थोडी थोडी सरकत होती, मला कळत होते, पण मला तोंड असले तरी ते बोलायचे नव्हे.

एका रविवारी दोन माणसांचे ग्लायडर वर जात होते. पुढे शालूबाई, मागे भाऊसो. शालूबाई इस्लामपूरच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. वाऱ्यांचे प्रकार फळ्यावर काढून कंटाळा आला म्हणून एकदा वारा बघायला आल्या आणि मग दर रविवारी एस.टी.ने येऊ लागल्या. ग्लायडर जमिनीवरून उठून थोडे वर चढले होते. इंजिनाचा दणका बसला, डब्याला हिसका बसला, खिट्टी सुटली आणि मी मिटले.

दोर तुटला. खूप उंचावर तुटला असता तर चिंता नव्हती. अगदी खाली तुटला असता तरी नव्हती. तो मधल्या वाईट उंचीवर तुटला, जिथून वळून परत यायला उंची पुरत नाही आणि समोर उतरायला माळ पुरत नाही. भाऊसोंनी नाक खाली घातले आणि ग्लायडर समोरच आदळल्यासारखे उतरवले. खालची लाकडी पट्टी फुटली. शालूबाईंना मुका मार लागला. भाऊसोंचे डोके छताच्या पाइपला लागून रक्त आले.

निजाम माळावरून धावत गेला, तोच डबा हातात धरून. आपण डबा का धरला आहे हे त्याला कळत नव्हते.

संध्याकाळी विंचपाशीच बैठक भरली. आणि मित्रांनो, दोष कुणाचा ठरला? माझा. कातर फार हलकी आहे, कातर बेभरवशाची आहे, कातरीमुळे दोर गेला. डबा दुसरीकडे अडकवावा असे एकानेही म्हटले नाही.

"कुलूप घालू," आप्पासो म्हणाले. "किल्ली मी संभाळतो."

नानासो उठून उभे राहिले. "आन् वर माणूस लटाकलं की तुमास्नी हाक मारायची व्हय? हिरीला कुलूप घालून आग इजवायला निघाल्यागत हाय ह्ये."

"मी दर रविवारी हितंच असतो की, नाना."

नानासोंनी भाऊसोंकडे पाहिले. भाऊसोंच्या डोक्याला पट्टी होती. ते म्हणाले, "नाना, तुमी खाली हुता. त्या उंचीवर दोर गेला की काय वाटतं ती मी बघितलंय. आन् ती पोरगी माझ्या म्होरं बसलीवती. काय दिवस कुलूप ऱ्हाऊ द्या."

मग नानासोंनी निजामकडे पाहिले. त्याने मान वर केली नाही. "घाला कुलूप," तो म्हणाला. "माझा माझ्यावरच भरवसा ऱ्हायला न्हाई."

अशा तऱ्हेने माझ्या दांड्यावर आडवी पट्टी आली, कडी-कोयंडा आला आणि बेदाण्याच्या गोदामाला असते तसले भक्कम कुलूप आले. संकटात धावून जायचे ती मी, आणि माझी किल्ली बाजारात हिंडणाऱ्या माणसाच्या कनवटीला.

काय दिवस म्हणता म्हणता वर्ष उलटले. पट्टीमुळे खिट्टीपर्यंत तेलाचा थेंब पोचत नव्हता. तेल घालायचे तर कुलूप काढा, कुलूप काढायचे तर आप्पासोंना गाठा, आणि आप्पासो लिलावात. पावसाळ्यात माझ्या सांध्यांना गंज चढला. कधी किल्ली दुसऱ्या धोतरात राहायची आणि भाऊसो सगळ्यांना परत पाठवायचे. असे कितीतरी रविवार बुडाले. लोक कुरकुरायला लागले. हळूहळू भाऊसोंनी परत पाठवणे सोडून दिले. हूक काही अडकत नव्हता ना.

माघातल्या एका रविवारची सकाळ. थंडी होती, वारा एकसारखा वाहत होता. शालूबाई त्या दिवशी पहिल्यांदा एकट्या उडणार होत्या. एकटीने उडणे म्हणजे शिकणाऱ्याचा सर्वांत मोठा दिवस. त्यांनी शाळेतल्या कुणाला सांगितले नव्हते. नानासो तेलाची डबी घेऊन इस्लामपूरहून मुद्दाम आले होते. त्यांनी कुलूप ओढून पाहिले.

"आप्पासो कुठं हायत?"

"औंधला गेल्यात," निजाम म्हणाला. "यमाईला. घरची समदी मंडळी घिऊन."

"आन् किल्ली?"

निजामने औंधच्या दिशेला हात दाखवला. नानासो भाऊसोंकडे वळले. "भाऊसो, आज पोरगी एकटी जाणार. किल्ली आल्याबिगर सोडू नगा."

भाऊसोंनी वाऱ्याकडे तोंड केले. त्यांचाही निश्चय होत नव्हता. तेव्हा शालूबाईच म्हणाल्या, "नानासो, हूक मी आत्ता पुन्हा पुन्हा ओढून पाहिलाय. चांगला सुटतोय. आज नाही गेले तर परीक्षा सुरू होतील, मग मेपर्यंत यायला जमायचं नाही."

"एक फेरी," भाऊसो म्हणाले. "एकच."

नानासो रागाने लाल झाले. पण निघून गेले नाहीत. विंचशेजारी जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांपाशी एक पहार पडली होती, तिच्याजवळ दगडावर जाऊन बसले. बाकीची मंडळी ग्लायडरकडे, माळाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली.

निशाण हलले. निजामने इंजिन वाढवले. दोर माझ्या तोंडातून सरसर आत येऊ लागला. ग्लायडर उठले आणि सुरेख चढत गेले. निजामचा पाय पेडलवर अगदी हलका होता. वर पोचल्यावर ग्लायडरने नाक खाली केले. आता दोर पडणार.

दोर पडला नाही.

निजामने इंजिन सोडून ड्रम मोकळा केला. त्याला तेवढेच करता येत होते. ग्लायडर आमच्या डोक्यावरून पलीकडे निघाले आणि दोर उलटा उलगडायला लागला. सैल वेटोळी एकमेकांत अडकून ड्रम थांबला, की संपले. वर शालूबाईंनी एक शहाणपणा केला. त्या सरळ पुढे गेल्या नाहीत. वळल्या आणि आमच्याभोवती गोल फिरू लागल्या, दोराला ताण बसणार नाही अशा बेताने. भाऊसोंनी शिकवले होते तसे. पण दोराच्या वजनाने ग्लायडर प्रत्येक फेरीला खाली येत होते.

नानासो पहार घेऊन आले ते सरळ कुलपावर. कोयंड्यात पहार घातली आणि दोघे तिच्यावर लोंबकळले. कोयंडा उचकटला, पट्टी बाजूला झाली. निजामने लाल दांडा ओढला.

मी हलले नाही.

मित्रांनो, या क्षणाबद्दल मला अजून बोलवत नाही. ज्यासाठी मला बनवले तो एकच क्षण, आणि मी गंजून बसलेली. वर्षभर मी एका तेलाच्या थेंबाची वाट पाहिली होती. निजाम दोन्ही हातांनी, पाय टेकून ओढत होता. दांडा वाकला, खिट्टी सुटेना.

"जाळीच्या भायेरनं मारायला पायजे, खिट्टीच्या तोंडावर," नानासो म्हणाले, आणि जाळीला वळसा घालून माझ्या पुढ्यात, दोराच्या बाजूला येऊन उभे राहिले. डबीतले सगळे तेल माझ्यावर ओतले.

"नानासो, तितं नगा हुभं ऱ्हाऊ. दोर फटकारंल."

"मी बाजूला झालो तर मारायचं कुणी? तू वढ."

निजामने ओढले. नानासोंनी पहार उगारून मारली. एकदा. पुन्हा. तिसऱ्या घावाला खिट्टी निसटली आणि मी मिटले.

दोर कापला गेला. त्याचे सुटलेले टोक सापासारखे उसळले, नानासोंच्या उजव्या हातावर फटकारा मारून आकाशात गेले. नानासो खाली बसले. निजाम जाळीतून बाहेर आला आणि आपला रुमाल त्यांच्या हाताला बांधू लागला. नानासो त्याच्याकडे बघत नव्हते. वर बघत होते.

शालूबाई कापलेला दोर लोंबवत लांबून फिरून आल्या आणि माळाच्या मध्यावर उतरल्या. उतरल्यावर बराच वेळ आतच बसून होत्या. हुकात दोराचीच एक तुटकी तार अडकलेली निघाली.

नानासोंना जीपमधून मिरजेला नेले. हात वाचला, पण दोन बोटांत पुरता जोर कधी आला नाही. त्यांना पुढे कानस नीट धरता येत नसे.

आप्पासो औंधहून प्रसाद घेऊन आले ते थेट मिरजेला गेले. तिथे काय झाले ते निजामने मला तेल घालताना सांगितले. आप्पासो खाटेजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "नाना, देवीम्होरं वाकलो तवा किल्ली पोटाला टोचली. तवा ध्यानात आलं."

"मग?" नानासोंनी विचारले.

"मग काय. दर्शन घेतलं. म्हनलं, रोज कुठं काय हुतंय."

नानासोंनी प्रसाद मागितला. आप्पासोंनी तो त्यांच्या डाव्या हातात ठेवला आणि रडले.

मग पुन्हा बैठक. मला वाटले होते, आता तरी शहाणे होतील. एक म्हणाला, दोन किल्ल्या करू. दुसरा म्हणाला, कुलपाऐवजी काचेची पेटी करू. तिसऱ्याने तर माझा सत्कार सुचवला, मला हार घाला म्हणाला. माझ्या पात्यांवर हार. मी मनात म्हटले, यांना कापू की स्वतःला?

शालूबाई मागे बसल्या होत्या. त्या उठल्या. शाळेत गोंधळ झाला की बोलत असतील तशा हळू बोलल्या.

"कुलूप नको, काच नको, हार नको. दर रविवारी पहिल्या उड्डाणाआधी हिच्याकडून जुन्या दोराचा एक तुकडा कापून घ्यायचा. सगळ्यांसमोर. जो आधी उडणार, त्यानं दांडा ओढायचा. कापला तर उडायचं. नाही कापला तर घरी जायचं."

आप्पासो म्हणाले, "जुना दोर माझ्या गोदामात पडलाय. मी आणीन. तेलबी मीच घालीन." आणि हट्टाने घालू लागले. नानासोंनी डाव्या हाताने चित्र काढून दिले, त्यावरून निजामने दांड्याभोवती लोखंडी कमान बसवली. हात मुद्दाम आत घातल्याशिवाय दांड्याला काही लागणार नाही अशी. एवढी साधी गोष्ट. ती करायला वर्ष गेले आणि एका माणसाच्या दोन बोटांचा जोर गेला.

पण त्यानंतरचे दिवस चांगले होते, हे मला कबूल केले पाहिजे. दर रविवारी सकाळी खट् आवाज व्हायचा. मग इंजिन सुरू व्हायचे.

पुढच्या हिवाळ्यात एकदा नानासो आले. नेहमीसारखे माझे सांधे बघितले, पात्यांवरून अंगठा फिरवला. शालूबाईंनी जुन्या दोराचा तुकडा माझ्या तोंडात ठेवला आणि म्हणाल्या, "नानासो, आज दांडा तुम्ही ओढा."

त्यांनी डाव्या हाताने ओढला. तुकडा कापला गेला.

"जो दांडा ओढतो तो उडतो," शालूबाई म्हणाल्या. "नियम आहे."

"बाई, मी कवा न्हाई उडलो. मला ती सोसत न्हाई. मी खालचा माणूस."

"कातर कुणाची हाय?" भाऊसो म्हणाले. "तुमचाच तिच्यावर इस्वास न्हाई व्हय?"

नानासो ग्लायडरकडे चालत गेले. चष्मा दोऱ्याने डोक्यामागे घट्ट बांधून ते दोन माणसांच्या ग्लायडरच्या पुढच्या जागेवर बसले, मागे भाऊसो. निशाण हलले. दोर माझ्या तोंडातून धावू लागला. मी पूर्ण तयारीत होते, अगदी पहिल्या दिवसासारखी. ग्लायडर चढत गेले, वर पोचले, नाक खाली झाले आणि दोर सुटून पडला. निजामने श्वास सोडला. मला काहीच करावे लागले नाही. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले उड्डाण.

उतरल्यावर नानासो चालत विंचपाशी आले. निजामला एवढेच म्हणाले, "वरनं तू लय बारका दिसतुस."

पुढे माळावर प्लॉट पडले, क्लब बंद झाला. विंच भंगारात गेला. भंगारवाल्याने मला काढायच्या आधी आप्पासो हातगाडी घेऊन आले आणि मला आपल्या गोदामात घेऊन गेले. अजून मी तिथेच आहे. दर दसऱ्याला ते मला तेल घालतात.

मित्रांनो, आता माझे म्हणणे ऐका. तुमच्या शाळेच्या ओसरीत लाल बादल्या टांगलेल्या असतील. आग विझवायची वाळू त्यांत असते असे पुस्तकात लिहिले आहे. उद्या डोकावून पाहा. मला खात्री आहे, केळीच्या साली असतील. साली काढा, वाळू भरा, गुरुजींची वाट पाहू नका. आणि एस.टी.त बसलात की मागच्या दारापाशी जा. संकटकाळी बाहेर पडायचे ते दार. त्याला टेकून कुणाचे तरी पोते असेल, ते बाजूला करायला सांगा आणि कडी एकदा हलवून बघा, सरकते का. कंडक्टर ओरडेल. ओरडू द्या. कडी हलेपर्यंत सोडू नका.